‘वारंवार’ म्हणजे किती? पाठलागाच्या केसचा साडेतीन वर्षांचा हिशेब

११ नोव्हेंबर २०२५ ला माझ्या केसचा निकाल लागला. संध्याकाळी कोर्टाबाहेरच्या टपरीवर मी आणि बाबा कटिंग घेत उभे होतो. ज्याला तासाभरापूर्वी एक वर्षाची शिक्षा झाली, तो आमच्या समोरून रिक्षात बसून घरी गेला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. हे कसं झालं ते पुढे येईलच.

मी वकील नाही. एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. ऑफिस फोर्टात, घर मध्य रेल्वेच्या एका उपनगरात. उपनगराचं नाव सांगत नाही. या वाटेने गेलेल्या बायकांना त्याचं कारण सांगावं लागणार नाही. २०२२ च्या मे महिन्यात मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसले होते तेव्हा पुढे काय होणार, किती वेळ लागणार, काय काय लागणार यातलं काहीच माहीत नव्हतं. मराठीत शोधलं तर कलमांची यादी सापडायची, अनुभव सापडायचा नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तो आमच्या शेजारच्या डिपार्टमेंटला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये नोकरी सोडून गेला. दिवाळीत त्याचा मेसेज आला, मी ‘शुभ दीपावली’ लिहून पुढे हसरा चेहरा टाकला. मग ‘कॉफी घेऊ या का’ आलं. मी नाही म्हटलं. पुन्हा आलं, पुन्हा नाही म्हटलं. एकदा तो ऑफिसखाली भेटला तेव्हाही हसतच म्हटलं, ‘नको रे, जमणार नाही.’ समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण नकारालासुद्धा साखर लावतो. त्या साखरेचा हिशेब मला पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून द्यावा लागला.

डिसेंबरपासून दिवसाला चार-पाच कॉल. ब्लॉक केलं की दुसरा नंबर, तोही ब्लॉक केला की तिसरा. एक कॉलेजची मैत्रीण कायदा शिकलेली आहे, प्रॅक्टिस करत नाही. तिने विचारलं, ‘तू त्याला लिहून नाही म्हटलंयस का?’ नव्हतं म्हटलं. ९ जानेवारी २०२२ ला तिने माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या : ‘तुमच्याशी बोलण्याची किंवा भेटण्याची माझी इच्छा नाही. यापुढे कोणत्याही नंबरवरून संपर्क करू नका.’ सॉरी नाही, प्लीज नाही, हसरा चेहरा नाही. आणि त्यानंतर त्याने काहीही पाठवलं तरी उत्तर द्यायचं नाही, शिवी द्यायलासुद्धा नाही.

तिच्या आग्रहाचं कारण कलमातच होतं. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचं ३५४ड होतं. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं ७८ लागतं, मजकूर जवळपास तोच. स्त्रीने स्पष्टपणे नापसंती दाखवल्यावरही जो पुरुष वारंवार तिच्या मागे जातो, संपर्क साधतो किंवा साधायचा प्रयत्न करतो, किंवा जो तिच्या इंटरनेट, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवतो, तो गुन्हेगार. म्हणजे सगळं वजन दोन शब्दांवर : ‘स्पष्ट’ आणि ‘वारंवार’. स्पष्ट हे माझ्या त्या दोन ओळींनी झालं. वारंवार किती, हे कायद्यात आकड्यात लिहिलेलं नाही. ते मोजायचं काम माझ्याकडे आलं.

मी दोनशे पानी वही घेतली. तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं, कोणी पाहिलं असे पाच रकाने आखले. ऑफिसात व्हाउचर लिहिते तसंच. पहिल्या आठवड्यात स्वतःचंच हसू आलं. मार्चअखेर बावीस पानं भरली होती.

फेब्रुवारीत त्याने नवीन युक्ती काढली. सगळीकडून ब्लॉक झाल्यावर तो यूपीआयवरून मला एक रुपया पाठवायला लागला. पैसे पाठवताना शेरा लिहायची जागा असते ना, तिथे तो बोलायचा. ‘ब्लॉक का केलं?’ ‘काल निळा ड्रेस छान होता.’ ‘एकदा भेट.’ टिंग वाजायचं, एक रुपया जमा, पोटात गोळा. असे पंधरा रुपये आले. मैत्रीण म्हणाली, परत पाठवू नकोस, शेऱ्यासकट स्क्रीनशॉट काढ आणि मग ॲपमध्ये त्यालाही ब्लॉक कर. तेव्हा मला तो नुसता छळ वाटत होता. पुढे सगळी केस या पंधरा रुपयांवर उभी राहिली.

एप्रिलमध्ये तो स्टेशनवर दिसायला लागला. लेडीज डब्याच्या खुणेपाशी, खांबाला टेकून उभा. बोलायचा नाही. मी गाडीत चढले की शेजारच्या डब्यात चढायचा आणि मी मस्जिदला उतरले की उतरायचा. आमच्या डब्यातल्या ग्रुपला सांगितलं तेव्हा कळलं, सातपैकी तिघींना असा कोणी ना कोणी भेटून गेला होता. त्यातल्या एक काकू रोज माझ्याबरोबर पुलापर्यंत यायला लागल्या. त्यांचं नावही वहीत ‘कोणी पाहिलं’च्या रकान्यात गेलं आणि पुढे त्या कोर्टात साक्षीलाही उभ्या राहिल्या.

स्टेशनवरच्या चौकीत जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, फलाटावर उभं राहणं गुन्हा नाही.’ मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : फलाट, पूल आणि गाडी ही लोहमार्ग पोलिसांची हद्द, पुलाच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागलं की शहर पोलिसांची. पाठलाग करणाऱ्याला हद्द नसते, तक्रार घेणाऱ्याला असते. यावर कायद्यात उत्तर आहे. झिरो एफआयआर म्हणजे हद्दीत नसला तरी गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ‘हद्द कुठलीही असो’ असं सरळ लिहिलं आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं आणि मी गप्प घरी आले. तेव्हाच स्टेशनच्या सीसीटीव्ही फुटेजसाठी लेखी अर्ज द्यायला हवा होता. मे महिन्यात पोलिसांनी मागवलं तेव्हा एप्रिलचं फुटेज पुसलं गेलं होतं. फुटेज लागणार असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या आणि पोच घ्या.

४ मे २०२२ ला एका अनोळखी नंबरवरून आमच्या बिल्डिंगच्या गेटचा फोटो आला. खाली ओळ : ‘लग्न ठरव, मांडवात येतो. नवरदेवाला ओळखू येणार नाहीस.’ आईने वाचलं आणि खाली बसली. तोवर घरात ‘कशाला पोलीस, स्थळं बघायचीत’ असं चाललं होतं. त्या रात्री बाबा म्हणाले, ‘उद्या नको, परवा जाऊ. उद्या सगळे कागद लाव.’ बाबा निवृत्त क्लार्क. कागद लावल्याशिवाय ते स्मशानातही जाणार नाहीत असं आई म्हणते.

६ मे ला सकाळी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘धमकी अदखलपात्र आहे, एन.सी. करून घेतो.’ एन.सी. म्हणजे नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास होत नाही. मैत्रिणीने पढवलेलं मी घाबरत घाबरत म्हटलं, ‘साहेब, पाठलागाचं ३५४ड दखलपात्र आहे ना?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या फाइलकडे. ‘महिला अधिकारी नाहीत आज. सोमवारी या.’ हे मात्र खरं होतं. या कलमाची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. आम्ही निघालो, पण लेखी अर्ज देऊन. दोन प्रती, एक त्यांना, दुसरीवर तारखेचा आवक शिक्का आणि सही. त्या शिक्क्यासाठी पन्नास मिनिटं थांबलो. रिकाम्या हाताने परत यायचं नाही, हा बाबांचा नियम मला तेव्हा चिकट वाटला होता.

वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने पाठवायचं पाकीटही तयार होतं. ठाण्याने नोंद नाकारली तर उपायुक्तांकडे लेखी जाता येतं आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. ते वापरायची वेळ आली नाही.

९ मे, सोमवार. पीएसआय मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी वही मागितली आणि अर्धा तास न बोलता वाचली. मग विचारलं, ‘यात तुम्ही त्याला उलट किती वेळा बोललात?’ म्हटलं, नऊ जानेवारीनंतर एकदाही नाही. ‘बरं केलंत.’ मग टायपिंग सुरू झालं. सकाळी अकराला बसलेली मी साडेचारला उठले. कलमं लागली ३५४ड, स्त्रीच्या लज्जेच्या अपमानाचं ५०९, धमकीचं ५०६ आणि निनावी धमकीचं ५०७. त्या म्हणाल्या, ‘एक कलम दखलपात्र असलं की बाकीची त्याच्या पदराला बांधून येतात.’ बाबांनी विचारलं, ‘शक्ती कायदा लागत नाही का?’ तो डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झाल्याची बातमी त्यांनी कापून ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, ‘काका, राष्ट्रपतींची सही व्हायचीय.’ तो कायदा अंमलात आलाच नाही.

सही करण्याआधी सगळा मजकूर वाचा, कंटाळा आला तरी वाचा. माझ्यात ‘मित्र’ असा शब्द पडला होता. तो बदलून ‘माजी सहकारी’ करून घेतला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो फिर्यादीचा हक्क आहे, आणि कागदावर तुम्ही ‘फिर्यादी’ असता. पुढची तीन वर्षं मला याच नावाने हाक मारली गेली.

पुरवणी जबाबासाठी मॅडम आमच्या घरी आल्या. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. ‘शक्य असेल तर साध्या कपड्यांत या’ अशी विनंती मी केली, त्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या आणि आईच्या हातचे पोहे खाऊन गेल्या. शेजारच्या आजींना वाटलं, स्थळ घेऊन कोणी आलंय.

२७ मे ला मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. अकराची वेळ होती, नंबर लागला पावणेचारला. मला सगळ्यात भीती याची वाटत होती आणि सगळ्यात सोपं हेच गेलं. छोटी खोली, दार बंद, पोलीस बाहेर. मॅजिस्ट्रेट बाई होत्या. त्यांनी आधी विचारलं, कोणाच्या दबावाखाली आलात का, चहा घेतलात का. मग शपथ. मी सांगत गेले, त्या सावकाश लिहवून घेत होत्या. पाऊण तासात झालं. बरोबर पाण्याची बाटली आणि खाऊ न्या, कोर्टाच्या कँटीनला दोननंतर फारसं काही उरत नाही.

आता ज्याचा राग मला खूप दिवस होता ते सांगते. त्याला अटक झाली नाही. कलम ४१अ ची, म्हणजे अटक न करता चौकशीला हजर राहायची नोटीस दिली, त्याने येऊन जबाब दिला आणि तो घरी गेला. मी मॅडमना फोन करून रडले. त्या म्हणाल्या, ‘पहिल्या वेळेला हे जामीनपात्र आहे, ताई. अटक केली तरी इथूनच सोडावा लागेल.’

तेव्हा मी कलमाचा दुसरा अर्धा भाग नीट वाचला. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, जामीनपात्र. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. लोकांना वाटतं, दुसऱ्यांदा त्रास दिला की अजामीनपात्र. तसं नाही. दुसऱ्यांदा ‘दोषसिद्धी’ व्हावी लागते. शंभर वेळा मागे आला आणि खटला एकच असेल तरी तो कायद्याच्या हिशेबात पहिलाच. माझी एक मावसबहीण फ्लोरिडात असते. तिथे पाठलागाला स्वतःच्या किंवा घरच्यांच्या सुरक्षिततेची भीती वाटावी अशा धमकीची जोड असेल, किंवा लांब राहण्याचा कोर्टाचा हुकूम मोडून पाठलाग केला असेल तर तो ‘ॲग्रव्हेटेड स्टॉकिंग’ असा वेगळा, वरच्या पायरीचा गुन्हा होतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडे ती मधली पायरीच नाही. धमकी असेल तर धमकीचं कलम शेजारी लावायचं आणि ते वेगळं सिद्ध करायचं.

हे आपोआप असं झालेलं नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वर्मा समितीचा अहवाल आला, ३ फेब्रुवारी २०१३ ला वटहुकूम निघाला आणि पाठलाग हा पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला. मार्चमध्ये विधेयक संसदेत आलं तेव्हा ‘गैरवापर होईल’ अशी ओरड झाली आणि पहिला गुन्हा जामीनपात्र ठेवला गेला. त्या चर्चेत एका ज्येष्ठ खासदारांनी, आपल्यापैकी कोण मुलींच्या मागे गेलेला नाही, असं विचारलं होतं. मला खांबाला टेकून उभा असलेला माणूस आठवला. त्यालाही तसंच वाटत असणार.

मॅडमनी दुसरा रस्ता काढला : चॅप्टर केस. मुंबईत हा शब्द प्रत्येक ठाण्यात ऐकू येतो. शांतता भंग करू शकणाऱ्या माणसाकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायचं. जुनं कलम १०७, आता १२६. मुंबईत ते अधिकार विभागाच्या एसीपींकडे असतात. जुलैमध्ये त्याच्याकडून एका वर्षाचं बंधपत्र लिहून घेतलं. ही काही शिक्षा नव्हे, पण मोडलं तर पैसे जप्त होतात आणि वेळ पडली तर कोठडी होते. ‘चॅप्टर करा’ असं तुम्हालाही म्हणता येतं, लेखी म्हणा.

३१ ऑगस्टला गणपती बसले. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या मंडपात संध्याकाळच्या आरतीला मी ताम्हण धरून उभी होते आणि समोरच्या गर्दीत तो टाळ्या वाजवत होता. माझ्या हातातला कापूर हलायला लागला. भावाने बघितलं आणि तो पुढे निघाला. मी त्याचा शर्ट धरला. हात उचलला असता तर दुसऱ्या दिवशी एफआयआर भावावर झाली असती. मी १०३ ला फोन लावला, मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन. आता ११२ लावला तरी चालतं. आरती संपायच्या आत गाडी आली. सेक्रेटरी काकांनी मंडपाचं सीसीटीव्ही फुटेज त्याच रात्री पेनड्राइव्हवर दिलं, या वेळी मी एप्रिलची चूक केली नाही. एसीपी ऑफिसकडून त्याला बंधपत्राची रक्कम का जप्त करू नये अशी नोटीस गेली. त्यानंतर तो प्रत्यक्ष कधीच समोर आला नाही. एफआयआरने न झालेलं काम त्या बंधपत्राच्या कागदाने केलं.

आता मोबाइलचं. तपासासाठी माझा फोन जमा करून घेतला गेला. पंचनामा झाला, लाखेचा शिक्का लागला, फोन लॅबला गेला. मे मध्ये गेलेला फोन ऑक्टोबरमध्ये सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, कोर्टाकडून परत मिळाला, तोही अर्ज केल्यावर. साडेतेरा हजारांचा नवा घ्यावा लागला. म्हणून ठाण्यात जाण्याआधी फोटो, बँकेचं ॲप, ओळखीच्यांचे नंबर सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. मात्र मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. स्क्रीनशॉटच्या प्रिंटआउट कोर्टात चालण्यासाठी प्रमाणपत्र लागतं. तेव्हा पुरावा कायद्याचं ६५ब होतं, आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३, आणि नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. तपास अधिकाऱ्यांना हे आधीच विचारा.

बँकेत जाऊन त्या चार महिन्यांचं सही-शिक्क्याचं स्टेटमेंट घेतलं. एकशे अठरा रुपये, जीएसटीसकट. काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, ‘कर्जासाठी हवंय?’ म्हटलं, नाही, केससाठी. मग त्यांनीच सांगितलं, कोर्टासाठी हवं असेल तर बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखालचं प्रमाणपत्रही मागून घ्या. देव त्यांचं भलं करो.

दोषारोपपत्र डिसेंबर २०२२ मध्ये दाखल झालं. नंतर वर्षभर काहीच नाही. ईकोर्ट्सच्या ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, तेवढंच. मी सुरुवातीला प्रत्येक तारखेला रजा टाकून गेले. नंतर कळलं, समन्स आल्याशिवाय फिर्यादीने जायची गरज नसते. सहा रजा अशा फुकट गेल्या.

याच काळात त्याची आई आमच्या घरी आली. एकटी, हातात पेढ्यांचा बॉक्स. ‘ताई, पोराचं आयुष्य आहे. मुलीला सांगा, केस मागे घ्या.’ माझ्या आईने त्यांना पाणी दिलं, पेढे घेतले नाहीत. मी आतून ऐकत होते. मला त्यांचा राग आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण हा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्यांच्या यादीत नाही. फिर्यादीने ‘जाऊ दे’ म्हटलं तरी खालच्या कोर्टात तो मिटत नाही, हायकोर्टातच जावं लागतं. मी बाहेर येऊन एवढंच म्हटलं, ‘काकू, केस माझी नाही, सरकारची आहे.’ हे वाक्य तुम्हीही पाठ करून ठेवा. पोलिसांना मात्र ही भेट कळवली, लेखी.

सरकारची केस म्हणजे वकीलही सरकारी. स्वतःचा वकील लागतच नाही, ठेवला तर तो सरकारी वकिलांना मदत करतो. मी ठेवला नाही. पण सल्ला हवा होता म्हणून कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, फोनवर १५१०० आहे. तिथल्या वकीलबाईंनी दोन बैठकांत साक्ष म्हणजे काय ते समजावलं : ‘आठवत असेल तेवढंच सांगायचं. नसेल तर आठवत नाही म्हणायचं. आणि प्रश्न संपल्यावर मनात तीन मोजायचे.’

समन्स ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. मधल्या काळात फेब्रुवारीत माझं लग्न झालं होतं. मांडवात कोणी आलं नाही. माझा भाऊ आणि त्याचे तीन मित्र दिवसभर दारावर उभे होते, जेवले ते शेवटच्या पंगतीला. लग्नानंतर पत्ता बदलला की तपास अधिकारी आणि कोर्टाला कळवा. माझं समन्स माहेरी गेलं, बाबा होते म्हणून कळलं.

जुलैत नवे कायदे आले होते. महानगर दंडाधिकारी हे पदच नव्या संहितेत राहिलं नाही, तरी लोक जुन्याच नावाने हाक मारतात. माझ्या कागदांवर आकडे जुनेच राहिले, कारण गुन्हा २०२२ चा.

पुकारा झाला, मी पिंजऱ्यात उभी राहिले. तो दहा फुटांवर होता, पांढरा शर्ट, हात बांधून. आरोपीला ओळखता का, या प्रश्नाला बोट दाखवायचं असतं. ते बोट उचलायला मला वेळ लागला. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, एका दिवसात संपला. आरोपीच्या वकिलांचा उलटतपास तीन तारखांना चालला. त्यांच्या वकिलांनी दिवाळीचा हसरा चेहरा छापून आणला होता. ‘हे आपणच पाठवलंत? स्वखुशीने?’ म्हटलं, हो. ‘म्हणजे आपले मैत्रीचे संबंध होते.’ मनात तीन मोजले आणि म्हटलं, ‘त्या दिवशी मी एकेचाळीस जणांना तोच मेसेज पाठवला होता.’ मग एक रुपयावर आले. ‘माझ्या अशिलाने ऑफिसमधली उसनवारी परत केली, असं माझं म्हणणं आहे.’ माझ्या तोंडून गेलं, ‘पंधरा हप्त्यांत?’ मॅजिस्ट्रेटनी तंबी दिली, फक्त उत्तर द्या. स्टेनोच्या ओठावर मात्र काहीतरी हललं. टाइप झालेली साक्ष सही करण्याआधी वाचायला मिळते, पुन्हा सांगते, वाचा.

डब्यातल्या काकूंची साक्ष, मॅडमची साक्ष, बँकेच्या अधिकाऱ्याची साक्ष यात आणखी वर्ष गेलं. मॅडमची दोनदा बदली झाली होती, तरी त्या आल्या.

निकाल असा : ३५४ड खाली दोषी. बँक स्टेटमेंटवर त्याचं नाव, तारखा आणि शेरे होते. माझ्या लेखी नकारानंतरचे पंधरा प्रयत्न आणि स्टेशनवरचं उभं राहणं मिळून ‘वारंवार’ सिद्ध झालं. ५०६ आणि ५०७ मधून निर्दोष. मांडवाच्या धमकीचं सिम दुसऱ्याच कोणाच्या नावावर निघालं, फोन त्याच्या हातात होता हे सिद्ध झालं नाही. ज्या मेसेजमुळे आम्ही पोलिसांत गेलो, तोच गळाला. प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडा, ही मागणी फेटाळली गेली. एक वर्ष साधी कैद, पाच हजार रुपये दंड. आणि शिक्षा तीन वर्षांच्या आतली, आरोपी खटल्यात जामिनावर, म्हणून अपिलासाठी त्याच कोर्टाने शिक्षा स्थगित केली. टपरीसमोरची रिक्षा ती ही.

त्या संध्याकाळी मला हरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने विचारलं, ‘आता त्याने पुन्हा कोणाच्या मागे जायचं ठरवलं तर?’ हा निकाल अपिलात टिकला तर ती दुसरी दोषसिद्धी असेल. पाच वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. पण त्यासाठी पहिल्या निकालाची प्रमाणित प्रत त्या दुसऱ्या खटल्यात कोणीतरी हजर करावी लागते.

मागच्या गुरुवारी कोर्टाच्या नकला विभागात गेले. अर्ज, तिकीट, रांग. खिडकीतल्या भाऊंनी विचारलं, ‘किती प्रती?’

‘दोन.’

‘दोन कशाला? अपील तर आरोपीचं आहे.’

‘एक माझ्या फाइलला,’ मी म्हटलं, ‘आणि एक जिला लागेल तिला.’

त्यांनी मान वर न करता अर्जावर दोन लिहिलं आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं.